पानिपतावरचे ‘आता’

मराठी मुलाच्या तोंडी जे शब्द फार लवकर येतात, त्यांत ‘आता’ हा एक असावा. त्याला जे हवे ते आता हवे असते, आणि थोरली माणसे ‘आता नाही, मग’ असे म्हणून त्याची समजूत घालतात. व्याकरणकार या शब्दाला कालवाचक क्रियाविशेषण अव्यय म्हणतात. अव्यय म्हणजे ज्याला व्यय नाही, विकार नाही. लिंग, वचन, विभक्ती यांच्यामुळे ‘आता’चे रूप बदलत नाही, हे खरेच आहे. परंतु या अविकारी शब्दाचा अर्थ तो उच्चारणाऱ्या माणसाबरोबर, स्थळाबरोबर आणि घटकेबरोबर बदलत असतो. म्हणूनच वरवर अगदी सोपा दिसणारा हा शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना फार जपावे लागते. ही काळजी केवळ कोशकारांनी करावयाची असते असे नाही. इतिहास लिहिणाऱ्यालाही ती करावी लागते, आणि तिचे सर्वांत गंभीर उदाहरण आपल्याला पानिपताच्या रणभूमीवर सापडते.

प्रथम आपल्या घरातलाच ‘आता’ पाहू. ‘आता पाऊस पडतो आहे’ यात तो चालू क्षण दाखवतो. ‘आता येतो’ असे म्हणून माणूस बाहेर पडतो, तेव्हा तोच शब्द भविष्यकाळाकडे बोट दाखवतो. ‘आत्ता तर इथे होता’ यात तो भूतकाळात जातो. ‘आता पुरे’ यात घड्याळाचा काही संबंध नाही. सहनशक्तीची मर्यादा झाली, एवढाच त्याचा अर्थ. ‘आता काय करणार!’ यात हताशपणा आहे. ‘आता असे पाहा’ यात वक्ता नवा मुद्दा मांडतो. ‘आताशा’ म्हटले की अलीकडचे दिवस येतात, आणि ‘आता कुठे’ म्हटले की फार वाट पाहून सुरू झालेले काहीतरी डोळ्यांपुढे येते. ज्ञानेश्वरांच्या पसायदानाचा पहिलाच शब्द ‘आता’ हा आहे. तेथे तो एक प्रचंड कार्य पुरे झाल्याचे सांगतो आणि त्याच श्वासात मागण्याचा आरंभ करतो. समाप्ती आणि प्रारंभ या दोन्ही गोष्टी एका शब्दात साठवण्याची ही शक्ती इतर भाषांतल्या प्रतिशब्दांत असेलच, असे नाही.

जगातील भाषांनी या क्षणाला नावे देताना किती निरनिराळ्या कल्पना केल्या आहेत! संस्कृतातील ‘नु’ आणि ‘नूनम्’, ग्रीकमधील ‘नून’, लॅटिनमधील ‘नुंक’, जर्मनमधील ‘नुन’ आणि इंग्रजीतील ‘नाऊ’ हे सारे एकाच प्राचीन कुळातले शब्द. वेदकाळी ‘नूनम्’ म्हणजे ‘आता’. पुढच्या संस्कृतात मात्र त्याचा अर्थ ‘खात्रीने’ असा झाला. जे डोळ्यांसमोर आहे तेवढेच निश्चित, असा विचार या बदलामागे असावा. फ्रेंच माणूस ‘मँतनां’ म्हणतो. त्याचा मूळ अर्थ ‘हाती धरलेले’ असा आहे. हातात आहे तो क्षण आपला! स्पॅनिश ‘आओरा’ म्हणजे ‘या तासाला’, आणि रशियन ‘सिचास’ही तसाच ‘हा तास’ दाखवणारा. आपण ‘या घडीला’ म्हणतो, त्याच जातीचे हे शब्द. जपानात बाहेरून घरी आलेला माणूस उंबरठ्यावरून ‘तादाइमा’ असे म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘अगदी आताच’ असा आहे. आलो, हे न सांगताच समजले जाते.

या शब्दांच्या इतिहासात एक चमत्कारिक नियम दिसतो. घाई दाखवणारा शब्द काही पिढ्यांनंतर आळसावतो. इंग्रजीतील ‘सून’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘तत्क्षणी’ असा होता. आज त्याचा अर्थ ‘लवकरच’ इतका सैल झाला आहे. ‘प्रेझेंटली’चेही तेच झाले. मेक्सिकोत ‘आओरिता’, म्हणजे ‘आत्ताच्या आत्ता’, असे उत्तर मिळाले की समजावे, काम केव्हातरी होईल. मनुष्य वचन देतो ‘आता’चे आणि पाळतो ‘मग’चे, शब्द बिचारा त्या अनुभवाने झिजत जातो. आपला ‘तूर्त’ हा शब्द पाहा. संस्कृतात त्वरेशी नाते सांगणारा हा शब्द. हिंदीत ‘तुरंत’ आजही ‘ताबडतोब’ या अर्थी तरतरीत आहे. मराठीत मात्र ‘तूर्त’ म्हणजे ‘सध्यापुरते’. उत्तरेतल्या माणसाला ‘तुरंत’ म्हटले तर तो उठून कामाला लागेल. मराठी माणसाला ‘तूर्त’ म्हटले तर तो आहे तिथे थांबेल. एकाच घराण्यातले दोन भाऊ, पण एक धावतो आणि दुसरा विसावतो.

हे सारे ध्यानात घेऊन आपण १७६० सालच्या पानिपताकडे वळू. मराठवाड्यातील परतूरहून मार्च महिन्यात निघालेली सदाशिवरावभाऊंची फौज ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत शिरली, ऑक्टोबरात तिने कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून तिच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्यानंतर अडीच महिने दोन छावण्या समोरासमोर होत्या. या मैदानावर ‘आता’चे किती प्रकार ऐकू येत असतील! मराठे ‘आता’ म्हणत, शहाचे पठाण पश्तूत ‘ओस’ म्हणत, सुजाउद्दौला आणि नजीबखान यांचे हिंदुस्थानी लोक ‘अब’ आणि ‘अभी’ म्हणत. इब्राहिमखान गारदी तर बुसीच्या फ्रेंच पद्धतीत तयार झालेला सेनानी. आणि या सर्व भाषांवर छत्र धरून बसली होती ती दरबाराची फारसी.

त्या फारसीने आपल्याला दिलेला एक शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. तो म्हणजे ‘हल्ली’. हा शब्द मूळच्या अरबी ‘हाल’ यापासून निघाला. ‘हाल’ म्हणजे स्थिती, अवस्था. त्याच्या धातूत पालटण्याचा भाव आहे. स्थिती म्हणजे जी पालटते ती, हा विचारच मोठा मार्मिक आहे. अरबीत ‘हालन’ म्हणजे ताबडतोब. फारसीत ‘हाला’ म्हणजे आता. तोच ‘हाला’ तुर्की भाषेत गेला आणि त्याचा अर्थ ‘अजून’ असा झाला. तेहरानमध्ये ‘हाला’ म्हटले तर गोष्ट सुरू होते, इस्तंबूलमध्ये म्हटले तर ती संपलेली नसते. हिंदीत ‘हाल ही में’ म्हणजे नुकतेच होऊन गेलेले, आणि ‘फिलहाल’ म्हणजे तूर्तास. मराठीत ‘हल्ली’ म्हणजे अलीकडच्या या दिवसांत. हैदराबाद संस्थानात ‘हाली सिक्का’ चाले. ‘हाली’ म्हणजे चालू, प्रचलित. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या हिशेबांत हा शब्द पदोपदी येई. त्याच ‘हाल’ शब्दाचे मराठीत आणखी एक रूप झाले. हिंदीत ‘क्या हाल है’ असे विचारले तर त्यात दुःखाचा गंधही नसतो. मराठीत मात्र ‘हाल झाले’ म्हणजे विपत्ती भोगली. पानिपतच्या छावणीतील डिसेंबर महिन्याचे वर्णन करावयाचे, तर ‘हल्ली’ आणि ‘हाल’ हे दोन सख्खे शब्द शेजारी शेजारी बसवावे लागतील.

शिवकाळात राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा उद्योग झाला. पदे, खाती, शस्त्रे, वस्तू यांना नवी नावे मिळाली. परंतु ‘हल्ली’सारखी लहान अव्यये भाषेत टिकून राहिली. नामे दरबारात राहतात. त्यांना हुकूम लागू होतो. अव्यये जिभेवर राहतात. त्यांच्यावर हुकूम चालत नाही. पुढे पेशवाईतील पत्रांत ‘सांप्रत’ आणि ‘हल्ली’ हे संस्कृत आणि फारसी शब्द एकाच कागदावर नांदत होते, आणि लिहिणाऱ्याला त्यांत काही विसंगत वाटत नव्हते.

आता त्या पत्रांचाच विचार करू. समोरासमोर बोलताना ‘आता’ हा शब्द दोघांचाही असतो. बोलणाऱ्याचा क्षण आणि ऐकणाऱ्याचा क्षण एकच असतो. पत्रात तसे होत नाही. लिहिणाऱ्याचा ‘आता’ वाचणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत ‘तेव्हा’ झालेला असतो. आपल्या जुन्या कारकुनांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. म्हणून मराठी पत्राच्या मायन्यात नुसते ‘येथील कुशल आहे’ असे लिहिण्याची रीत नव्हती. येथील कुशल अमुक तिथीपर्यंत जाणावे, असे लिहीत. आणि त्यासाठी ‘तागायत’ हा फारसी शब्द योजीत. आज आपण ‘आजतागायत’ म्हणतो तोच हा शब्द. पुढे ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र नोंदवीत. या मायन्याकडे रूक्ष शिष्टाचार म्हणून पाहिले जाते. पण त्यात केवढा सूक्ष्म विवेक आहे! मी हे लिहीत आहे त्या दिवसापर्यंत आम्ही जिवंत आणि सुखरूप आहोत. त्यानंतरची हमी मी देत नाही. आपण हे वाचाल तेव्हाचा ‘आता’ तुमचा आहे, माझा नव्हे. ‘तागायत’ हा शब्द म्हणजे नाशवंत ‘आता’ला घातलेले कुंपण होते.

हे कुंपण किती आवश्यक होते, हे पानिपतानेच दाखवून दिले. भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना शत्रूची रसद तोडण्याविषयी वारंवार लिहिले. हुकुमात तातडी होती. परंतु हुकूम, त्याची पोच, त्यावरची हालचाल आणि त्या हालचालीची बातमी या चार टप्प्यांत दिवस जात. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, आणि छावणीची दक्षिणेशी असलेली दळणवळणाची वाट जवळजवळ बंद झाली. इकडे नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. २७ डिसेंबर १७६० रोजी त्यांनी पैठणास दुसरा विवाह केला. या विवाहाबद्दल इतिहासकारांनी त्यांना पुष्कळ दोष दिला आहे. त्या दोषाचे वजन ठरवताना एवढे ध्यानात ठेवले पाहिजे की पैठणास पेशव्यांच्या हाती जे पानिपत होते, ते कित्येक दिवसांमागचे पानिपत होते. छावणीतील माणसे ज्या दिवशी उपाशी होती, त्या दिवशी पेशव्यांच्या दप्तरातले तिचे चित्र जुने झालेले होते. दोष द्यावयाचा तर तो बातमीची व्यवस्था नीट न राखल्याचा द्यावा. न पोचलेला ‘आता’ न ऐकल्याचा दोष कोणालाही देता येत नाही.

त्यानंतरचे दहा दिवस तर फारच हृदयद्रावक आहेत. लढाई झाली ती बुधवारी, १४ जानेवारी १७६१ रोजी. शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. हिजरी सन ११७४, आणि मराठी कागदांत चालणारा सुहूर सन ११६१. एकाच दिवसाला ही इतकी नावे! लोकस्मृतीने त्याला आणखी एक नाव दिले, ते संक्रांतीचे. वास्तविक त्या वर्षी सूर्याचा मकरप्रवेश तीन-चार दिवस आधीच होऊन गेला होता. संक्रांत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, आणि आपण आजच्या संक्रांतीची तारीख तेव्हाच्या पंचांगावर ठेवतो. असो. त्या दिवशी दुपारनंतर विश्वासराव पडले, भाऊही रणात नाहीसे झाले. पेशव्यांना ही वार्ता कळली ती २४ जानेवारी रोजी, भेलशाच्या मुक्कामी, एका सावकारी पत्रातून. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा यांची मोजदाद नाही, अशा व्यापाराच्या सांकेतिक भाषेत ती होती. पानिपताहून भेलसे सरळ रेषेतही साडेसहाशे किलोमीटर दूर. १४ पासून २४ पर्यंतचे हे दहा दिवस पेशव्यांच्या छावणीत विश्वासराव आणि भाऊ वर्तमानकाळातच वावरत होते. त्यांच्यासाठी मसलती होत होत्या, त्यांच्या मदतीसाठी फौज पुढे सरकत होती. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर त्या दहा दिवसांत एक संपूर्ण राज्य चुकीच्या काळात बोलत होते. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत; २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

येथवर आपण न पोचलेल्या ‘आता’चा विचार केला. पानिपतावर एक ‘आता’ असाही आहे, की जो पोचला, परंतु ज्याचा अर्थ पुढे भाषांतरांच्या फेऱ्यात सापडला. तो भाऊंच्या अखेरच्या चिठ्ठीत आहे. सुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज शिवदेव नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण होता. तहाची जी बोलणी अधूनमधून चालत, त्यांत त्याचा हात असे. तो सांगतो, की लढाईच्या दिवशी उजाडण्यापूर्वी भाऊंची स्वहस्ताची एक लहानशी चिठ्ठी त्याला आली. तिचा आशय असा होता, की पेला काठोकाठ भरला आहे, आणखी एक थेंबही मावणार नाही. काही करता येण्याजोगे असेल तर करावे, नाही तर स्वच्छ उत्तर द्यावे. मागाहून लिहिण्याबोलण्यास अवसर राहणार नाही. काशीराज ही गोष्ट नवाबाच्या कानी घालीत होता, इतक्यात हेरांनी खबर आणली की मराठे मोर्चे सोडून बाहेर पडले. नवाब तडक शहाच्या डेऱ्याकडे गेला. शहाचा घोडा दारात सज्जच असे. चिठ्ठीला उत्तर गेले नाही.

ती चिठ्ठी आज आपल्यापुढे नाही. आपल्यापुढे आहे ती काशीराजाची आठवण, आणि ती त्याने सुमारे एकोणीस वर्षांनी, १७८० च्या सुमारास, फारसीत लिहून ठेवली. त्या फारसीवरून जेम्स ब्राउन या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७९१ मध्ये इंग्रजी भाषांतर केले; ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनमालेत आले, आणि १९२६ मध्ये रॉलिन्सन यांनी ते पुन्हा संपादून प्रसिद्ध केले. त्या इंग्रजीवरून ती चिठ्ठी आमच्या इतिहासग्रंथांत, कादंबऱ्यांत आणि नाटकांत मराठीत परत आली. लिहिणारा मराठी, वाचणारा दक्षिणी. तेव्हा मूळ मजकूर मराठीत असावा असा तर्क सयुक्तिक आहे. म्हणजे भाऊंचा ‘आता’ मराठीतून फारसीत, फारसीतून इंग्रजीत, आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत असा तीन उंबरठे ओलांडून आपल्याकडे आला आहे. परदेशी जाऊन आलेल्या माणसाचा पोशाख जसा बदललेला असतो, तसे या शब्दाचेही झाले आहे.

ब्राउनच्या इंग्रजीत या तीन वाक्यांत तीन निरनिराळी कालवाचक अव्यये आहेत. पेल्याच्या वाक्यात ‘आता’, उत्तराच्या वाक्यात ‘ताबडतोब’, आणि शेवटच्या वाक्यात ‘यापुढे’. इंग्रजीला तीन शब्द लागले, कारण तिच्यात ही तीन कामे तीन शब्द करतात. मराठीत ही तिन्ही कामे एकटा ‘आता’ करू शकतो. आता भरले, करायचे तर आता करा, आता बोलायला सवड नाही. पहिल्यात समाप्ती, दुसऱ्यात तातडी, तिसऱ्यात भविष्याची बंद होणारी वाट. मूळ चिठ्ठीत तसेच शब्द होते असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. परंतु मराठी मनाला हे तीन भाव एकाच शब्दाचे वाटतात, आणि म्हणून चिठ्ठीचा अर्थ लावताना कोणता भाव प्रधान धरावा, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न शब्दांचा खेळ नव्हे. एका मनुष्याच्या चारित्र्याचा निवाडा त्यावर अवलंबून आहे. तातडी प्रधान धरली, तर भाऊ शेवटच्या घटकेपर्यंत तहासाठी याचना करीत होते असे चित्र उभे राहते. समाप्ती प्रधान धरली, तर भाऊंचा निश्चय झालेला होता आणि ही चिठ्ठी म्हणजे निरोप होता, असे दिसते. निर्णय शब्दकोशात मिळणार नाही; तो घटनांच्या क्रमात मिळेल. काशीराजाच्याच सांगण्याप्रमाणे आदल्या रात्री सरदारांनी भाऊंना येऊन सांगितले होते, की दोन दिवस पोटात अन्न नाही, उपासमारीने मरण्यापेक्षा रणात मरू. लढण्याच्या आणाभाका झाल्या होत्या, उरलेसुरले धान्य वाटून टाकले होते. आणि चिठ्ठी वाचली जात असतानाच फौज हलली होती. ज्याला उत्तराची खरोखर वाट पाहायची आहे, तो उत्तर येण्यापूर्वी निघत नाही. तेव्हा या चिठ्ठीतला ‘आता’ हा ‘आता पुरे’मधला ‘आता’ आहे, असे मला वाटते. इंग्रजी ‘नाऊ’ या एका अक्षरी शब्दात ही छटा मावत नाही. आणि इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याने ती आपल्या भाषेच्या ज्ञानाने परत मिळवली नाही, तर आपलाच माणूस आपल्याला परका दिसू लागतो.

म्हणून मूळ साधनांकडे जाण्याचा आग्रह धरणाऱ्या संशोधकांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत, आणि पानिपतच्या मोहिमेची पत्रे त्यांतच आहेत. जुन्या पत्रांवर पुष्कळदा तिथी असते, पण साल नसते. नुसत्या ‘सांप्रत’ आणि ‘हल्ली’ यांवरून काय कळणार? राजवाड्यांनी कूच-मुक्काम, चंद्र, तिथी, वार यांचा मेळ घालून एकेका पत्राचा ‘हल्ली’ कोणत्या दिवसाचा, हे ठरवीत नेले. पुढे जदुनाथ सरकारांनी काशीराजाचा वृत्तांत मूळ फारसीवरून पुन्हा पाहिला. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत पानिपतावर ग्रंथ लिहिला, तो या साऱ्या सामग्रीची कसून छाननी करून. या मंडळींची मते परस्परांशी जुळतात असे नाही. राजवाडे ज्याला दोषी ठरवतात त्याला दुसरा सोडून देतो. परंतु पत्रातला ‘आता’ हा आपला ‘आता’ नव्हे, ही शिस्त त्यांनी आपल्याला लावली. दोनशे साठ वर्षांनंतर निकाल ठाऊक असताना, भाऊंनी अमुक दिवशी निघायला हवे होते असे म्हणणे फार सोपे आहे. त्या दिवशी त्यांच्या हाती कोणते पत्र होते आणि ते किती दिवसांपूर्वीचे होते, हे विचारणे कठीण. आणि न्याय तेथेच आहे.

पानिपत या नावाला मराठी कान एकच अर्थ जोडतात. परंतु त्या गावाचा आणखी एक वारसा येथे सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या विषयाशी फार जवळचा आहे. लढाईनंतर शहात्तर वर्षांनी, १८३७ मध्ये, पानिपतात अल्ताफ हुसेन यांचा जन्म झाला. ते दिल्लीस गेले, गालिबच्या सहवासात राहिले, पुढे १८९७ मध्ये त्यांनी गालिबचे चरित्र लिहिले. १८७९ मध्ये त्यांनी मुसलमान समाजाच्या चढउतारावर एक दीर्घ काव्य रचले, आणि १८९३ मध्ये कवितेची चिकित्सा करणारा विस्तृत निबंध लिहिला. कवीने जुन्या ठराविक कल्पनांत न रमता आपल्या काळाशी प्रामाणिक राहावे, असा त्यांचा आग्रह होता. १९१४ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि बू अली शाह कलंदराच्या दर्ग्याच्या परिसरात, आपल्या गावातच, ते चिरविश्रांती घेत आहेत. त्यांनी कवी म्हणून स्वतःला जे नाव घेतले, त्या नावानेच जग त्यांना ओळखते. ते नाव म्हणजे ‘हाली’. हाली म्हणजे चालू काळाचा, आताचा. आपल्या ‘हल्ली’चा तो सख्खा भाऊ.

ज्या गावाच्या मैदानावर एका युगाचा ‘आता’ संपला, त्याच गावातल्या एका कवीने ‘आता’ हेच आपले नाव ठेवले. हा योगायोग खरा. पण त्यातून शब्दांविषयी काही शिकण्यासारखे आहे. अरबस्तानातला ‘हाल’ इराणात क्षण झाला, तुर्कस्तानात टिकून राहणे झाला, हैदराबादेत नाणे झाला, मराठीत एकीकडे दिनमान झाला आणि दुसरीकडे दुःख झाला, आणि पानिपतात एका माणसाचे नाव झाला. प्रत्येक ठिकाणी लोकांनी त्यात आपापला अनुभव ओतला. भाषांतर करणाऱ्याने आणि इतिहास वाचणाऱ्याने तो अनुभव ओळखून मगच शब्दाला प्रतिशब्द द्यावा. जुनी पत्रे हाती आली की त्यांतील शौर्याच्या आणि संकटाच्या मोठ्या शब्दांवर आपली नजर प्रथम जाते. श्रोतेहो, ती थोडी मागे घ्यावी आणि मायन्यातील ‘तागायत’ कोणत्या तिथीवर थांबला आहे ते आधी पाहावे. तेथपर्यंतच तो लिहिणारा आपल्याशी बोलत असतो.